बारावीची शाखा आणि ज्ञानाचा अधिकार

नांदगाव पेठच्या शाळेतून दहावी झालेल्या मुलामुलींना अकरावीच्या अर्जात एक रकाना भरावा लागतो: कला, वाणिज्य की विज्ञान. वय पंधरा-सोळा. निर्णय कधी टक्क्यांवर होतो, कधी अमरावतीतल्या क्लासची फी परवडते की नाही यावर, तर कधी घरातल्या थोरल्याने काय घेतले होते एवढ्यावरच. त्या रकान्याचे वजन दोन वर्षांनी कळते. बारावी सायन्स झालेल्याला बी.एस्सी.ला जाता येते आणि मन बदलले तर बी.ए., बी.कॉम.ही त्याला मोकळे असते. आर्ट्सवाल्याला मात्र बी.एस्सी.चा रस्ता साधारणपणे बंदच. विज्ञानाकडून साहित्याकडे जाताना कुणी पूर्वतयारीचा पुरावा मागत नाही; साहित्याकडून विज्ञानाकडे येताना मात्र मार्कशीटवरचा एक शब्द पुरेसा ठरतो, आणि त्यापुढे माणसाला काय येते हे विचारलेच जात नाही. ही प्रशासनाची सोय म्हणून सोडून देता येईल. पण तिच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: एखादी विद्या शिकण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो, त्याच्या मागच्या वाटेने की आजच्या सिद्धतेने?

हा प्रश्न आता ऐरणीवर येण्याचे कारण म्हणजे पदवीचाच साचा बदलला आहे. २९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय, लवचिक पदवी मांडली. महाराष्ट्रात ती आधी स्वायत्त आणि मग २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत आली. विद्यार्थी एक मुख्य विषय घेतो, दुसरा दुय्यम घेतो, शिवाय आपल्या विद्याशाखेबाहेरचे काही खुले विषय निवडतो. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स असे बाहेर पडण्याचे टप्पे आहेत, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहून पुन्हा वापरता येतात. म्हणजे आत गेल्यावर भरपूर मोकळीक. प्रवेशाची अट मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. बारावीला कोणतेही विषय असोत, प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कोणत्याही शाखेच्या पदवीला जाता यावे, असे त्यात म्हटले होते. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणे झाले, पण अट असावी तर ती कोणत्या तत्त्वावर, हा मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. विद्याशाखांमधल्या भिंती चुकीच्या आहेत असे मानूनच ही पदवी उभी केली असेल, तर तिच्या प्रवेशाला त्याच भिंतींचा दाखला मागणे हा विसंगत व्यवहार आहे.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा ऊहापोह फार बारकाईने झाला आहे. कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन आणि संबंध यांच्याबरोबर अधिकारी कोण, हेही सांगायची रीत होती. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर शंकराचार्यांनी असा वाद घेतला आहे, की ब्रह्माची जिज्ञासा कशानंतर करायची. कर्मकांडाचा विचार आधी पुरा केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असे एका पक्षाचे म्हणणे. आजच्या भाषेत, अमुक विषय उत्तीर्ण असल्याशिवाय प्रवेश नाही. शंकराचार्य हे मान्य करत नाहीत. त्यांचा युक्तिवाद असा, की वेदान्ताचे अध्ययन केलेल्याला कर्मविचार न करताही ही जिज्ञासा होऊ शकते. दोन विद्यांची फळे वेगळी, विषय वेगळे, तेव्हा त्यांत सक्तीचा क्रम नाही. पूर्वअट म्हणायची ती अशाच गोष्टीला, जी असली तर जिज्ञासा शक्य होते आणि नसली तर होत नाही. म्हणून ते नित्यानित्यविवेक, वैराग्य, शमदमादी साधने आणि मुमुक्षा ही चार साधने सांगतात. त्यांतली एकही मार्कशीटवर उतरणारी नाही, चारही शिकणाऱ्याच्या आजच्या स्थितीविषयी आहेत. पूर्वअटीची इतकी नेमकी कसोटी आपल्या परंपरेत उपलब्ध असताना प्रवेशाच्या चर्चेत ती कुणी काढत नाही, हे नवलच.

पण त्याच भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, ही कसोटी सोडून दिलेली दिसते. तिथे शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असा निर्णय आहे. विदुर आणि धर्मव्याध यांचे ज्ञान नाकारता येत नाही, म्हणून ते पूर्वजन्मीच्या संस्कारांनी झाले असे सांगून नियम शाबूत ठेवला आहे. एका ठिकाणी सामर्थ्याचा निकष, दुसऱ्या ठिकाणी उगमाचा. हा ताण पुढच्यांना जाणवला नाही असे नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटले आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. ती उणीव भरून काढण्यासाठी तो गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असे ज्ञानेश्वर सांगतात. ज्ञान सर्वांसाठी नसेल तर दोष ज्ञानाच्या वाटपात शोधावा, वंचितात शोधू नये, हा त्यातला नैतिक पलटा आहे. वऱ्हाडात हा वाद पुस्तकापुरता राहिला नाही. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ झाली आणि तीत पुढे असलेले पंजाबराव देशमुख हे पापळच्या शेतकरी घरातले, वैदिक वाङ्मयातल्या धर्माच्या उगमावर आणि विकासावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहून आलेले विद्वान होते. ज्या वाङ्मयाचे श्रवणही एके काळी जन्माने ठरत होते, त्याची चिकित्सा करून त्यांनी पदवी घेतली.

बारावीची शाखा म्हणजे जात नव्हे. तशी तुलना केली तर जातीने केलेल्या अन्यायाचे वजन कमी होते, म्हणून ती करू नये. पण दोन्हींमध्ये तर्काचा सांधा एक आहे: माणसाला काय करता येते हे पाहण्याऐवजी तो कुठून आला हे पाहायचे. आपल्या मंडळाच्या बारावीतच याचा पुरावा आहे. गणित व संख्याशास्त्र या विषयाची जी प्रश्नपत्रिका विज्ञान शाखेला असते तीच कला शाखेलाही असते. विषयाच्या नावापुढे कंसात कला व विज्ञान असे दोन्ही शब्द छापलेले असतात. म्हणजे कला शाखेची मुलगी तोच कलनाचा आणि सदिशांचा पेपर त्याच दिवशी सोडवून उत्तम गुण मिळवू शकते, आणि तरीही विज्ञानाच्या पदवीसाठी ती अपात्र राहते. उलट विज्ञान शाखेत जीवशास्त्राचा गट घेऊन गणित दहावीलाच सोडून दिलेला मुलगा बी.एस्सी.ला पात्र ठरतो. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र त्याने दोन वर्षे अभ्यासले, ते तिने अभ्यासले नाही, हे खरे. पण मग अट त्या दोन विषयांतल्या ठरावीक प्रकरणांची असावी. शाखेच्या नावाची अट त्याच्यावर विनाचौकशी विश्वास ठेवते आणि तिच्यावर विनाचौकशी अविश्वास.

या उघड अटीच्या मागे एक अलिखित अटही आहे, भाषेची. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेली मुले अकरावीला सायन्स घेतात तेव्हा पुस्तक इंग्रजीत येते. गुरुत्वीय बल, अपवर्तनांक, संयुजा हे शब्द ज्यांच्या हाताखालचे होते ती मुले त्याच कल्पना नव्याने, परक्या शब्दांत शिकतात. कित्येकांची कला शाखेकडे वाट वळते ती विज्ञानाची गोडी नाही म्हणून नव्हे, या पहिल्या सहामाहीच्या धसक्याने. पुढे त्यांची शाखा हा त्यांच्या कलाचा पुरावा मानला जातो. वास्तविक तो शिक्षणव्यवस्थेने निवडलेल्या माध्यमाचा परिणाम असतो. शंकराचार्यांची कसोटी इथे लावून पाहावी: इंग्रजी आल्याशिवाय रसायनशास्त्राची जिज्ञासा अशक्य आहे का? तसे कुणीही म्हणणार नाही. पुढे शोधनिबंध वाचायला इंग्रजी लागेल, ते शिकवावे लागेल. पण ते विद्येच्या उंबरठ्यावरचे नाही, वाटेवरचे साधन आहे.

उंबरठ्यावर खरोखर काय लागते हे कळण्यासाठी नांदगाव पेठच्याच औद्योगिक वसाहतीतले एक काम जवळून पाहू. इथे वस्त्रोद्योग आहे, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पायाभरणी झालेले हजार एकरांचे पीएम मित्र वस्त्रोद्यान इथेच व्हायचे आहे. सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देतात तेव्हा पाण्यात कापसाच्या तंतूवरही ऋण प्रभार असतो आणि रंगाच्या रेणूवरही, त्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. ते लोटणे कमी करण्यासाठी कुंडात मीठ घालतात, गडद रंगाला लिटरमागे पन्नास ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. मग सोडा ॲश घालून पीएच अकराच्या आसपास नेतात, तेव्हा रंग तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जातो. काही रंग पाण्याशीच विक्रिया होऊन वाया जातो. मीठ मात्र कापडात राहतच नाही, सगळे धुवणाच्या पाण्यात जाते. आता हे पाणी कुठे जाणार, हा प्रश्न रसायनशास्त्राच्या पुस्तकात संपत नाही. अमरावती आणि अकोल्याच्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींचे पाणी मुळातच खारे, पिण्याला आणि ओलिताला अडचणीचे. सांडपाण्यातून मीठ पूर्णपणे वेगळे काढता येते, पण त्याला वीज लागते, खर्च लागतो, आणि तो कुणी सोसायचा हे अर्थशास्त्र, कायदा आणि नीती ठरवते. वसाहतीतल्याच १३५० मेगावॅटच्या औष्णिक वीजकेंद्राला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून वाद पेटला, तोही असाच: ओलिताच्या पाण्याचा वाटा, वाफेचे भौतिकशास्त्र आणि सार्वजनिक न्याय एकाच प्रश्नात गुंतलेले.

या उदाहरणावरून पूर्वअटीचे दोन भाग वेगळे करता येतात. पीएच सातवरून अकरावर नेला म्हणजे विम्लता दहा हजार पटींनी वाढली, हे ज्याला कळत नाही त्याला रंगाच्या कुंडात काय होते ते कळणार नाही. लॉगरिदम लागतेच, प्रभार आणि रासायनिक बंध ही कल्पना लागतेच. ही खरी पूर्वअट, तिच्यात सवलत देणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक. पण हे ज्ञान काही आठवड्यांत शिकवता येते, तपासता येते, आणि ते कुणाला येते हे शाखेवरून कळत नाही. दुसरीकडे, खारपाणपट्ट्यातल्या गावाचे पाण्याचे गणित, जमिनीच्या नोंदी, लोकांच्या तक्रारीमागची संगती हे समजण्याची तयारी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याकडे आपोआप असते असे नाही. बहुविद्याशाखीय पदवीत हेही ज्ञान लागते, तरी त्याची पूर्वअट कुणी घालत नाही; ते वाटेत शिकता येईल असे गृहीत धरले जाते. मग पहिल्या प्रकारचे ज्ञानही वाटेत शिकता येईल असे गृहीत धरायला हरकत कशाची, याचे उत्तर अट घालणाऱ्याने दिले पाहिजे.

उत्तर म्हणून जो आक्षेप येतो तो दमदार आहे. गणित आणि भौतिकशास्त्र या पायरीपायरीने चढायच्या विद्या आहेत. इतिहासातले एक प्रकरण राहिले तर पुढचे वाचता येते. अवकलन आले नाही तर गतिशास्त्र अडते. मार्च २०२१ मध्ये अभियांत्रिकी प्रवेशासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चौदा विषयांची यादी देऊन त्यांतले कोणतेही तीन चालतील असे म्हटले आणि राहिलेल्या विषयांसाठी सेतू अभ्यासक्रम सुचवले, तेव्हा याच मुद्द्यावर चौफेर टीका झाली. गणिताचे महत्त्व कमी केलेले नाही, असा खुलासा परिषदेला करावा लागला. ती टीका बरीचशी योग्य होती. पण तिने सिद्ध काय होते? पायरी गाळता येत नाही, एवढेच. ती पायरी सोळाव्या-सतराव्या वर्षी, कनिष्ठ महाविद्यालयातच चढली पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही. क्रम हा विषयाच्या रचनेत आहे. वय आणि ठिकाण ही आपण घातलेली भर आहे. आवश्यक आणि रूढ यांत गल्लत किती सहज होते याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. माधानचे गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. ग्रंथविद्येला डोळे हवेत ही अट कुणालाही स्वयंसिद्ध वाटली असती. त्यांनी लोकांकडून ग्रंथ वाचून घेतले, सांगून लिहवून घेतले, आणि १९१५ मध्ये चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत शंभराहून अधिक लहानमोठ्या ग्रंथांची रचना केली. अशा असामान्य माणसावरून सर्वांसाठी नियम करता येणार नाही. पण एवढे नक्की कळते, की डोळे ही पूर्वअट नव्हतीच. ग्रंथ मनापर्यंत पोहोचणे ही होती, आणि ती वाचून दाखवणाऱ्याने पुरी केली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पहिल्या वर्षाच्या वर्गात एकाला अवकलन येते, दुसऱ्याला येत नाही, प्राध्यापकाने कुणासाठी शिकवायचे? तालुक्याच्या महाविद्यालयात जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, प्रयोगशाळेत साहित्य तोकडे. त्यांत ही भर कशाला? अडचण खरी आहे आणि ती शिक्षकाच्या माथी मारून सुटणार नाही. पण अडचणीचा खर्च कुणीतरी सोसतोच. आज तो अपात्र ठरलेला विद्यार्थी एकटा सोसतो, म्हणून तो हिशेबात दिसत नाही. दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला आणि तो पार करणाऱ्यांना बी.ए., बी.कॉम.ची वाट मोकळी केली. अट काढली नाही. अट पुरी करण्याची सोय संस्थेने आपल्या अंगावर घेतली. विज्ञानाच्या लवचिक पदवीला अशी एक सहामाही जोडता येईल: गणित, मोजमाप, प्रयोगशाळेची शिस्त, आणि शब्द दोन्ही भाषांतले. ज्याला हे येते त्याने चाचणी देऊन पुढे जावे. ज्याला येत नाही त्याने शिकावे. ज्याला शिकूनही जमणार नाही, त्याला ते सहा महिन्यांत स्वतःच्या अनुभवाने कळेल, कुणी आधीच ठरवून टाकल्याने नव्हे.

आयोगाच्या मसुद्यातला प्रवेश परीक्षेचा उपाय याहून सोपा दिसतो, पण त्यात एक धोका आहे. राष्ट्रीय पातळीवरची एकच परीक्षा ठेवली की तिचे क्लास उभे राहणार, आणि नांदगाव पेठच्या मुलीला शाखेऐवजी फी अडवणार. छांदोग्य उपनिषदात याला एक पर्याय सुचतो. नारद सनत्कुमारांकडे शिकायला जातात तेव्हा गुरू त्यांना प्रश्नपत्रिका देत नाहीत. तुला काय येते ते आधी सांग, त्याच्या पुढचे मी सांगेन, असे म्हणतात. आजच्या महाविद्यालयाने हे करायचे म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याची आजची पातळी नोंदवायची आणि तिथून शिकवायला सुरुवात करायची. पातळी शोधणारी चाचणी आणि गाळणारी चाचणी यांत हाच फरक. त्याच कथेत बहुविद्याशाखीय शिक्षणावरचा सर्वात कडक आक्षेपही आहे. नारद आपली यादी सांगतात: वेद, इतिहास-पुराणे, गणित, नक्षत्रविद्या, तर्क, सर्पविद्या आणि बरेच काही. इतके शिकूनही आपण शोकातून पार झालो नाही अशी कबुली देतात. विषयांची संख्या वाढवली म्हणजे ज्ञान वाढले, या भ्रमावर याहून नेमके बोट कुणी ठेवले नसेल. खुल्या विषयांची टोपली भरून श्रेयांक गोळा करणाऱ्या पदवीची हीच गत होऊ शकते. पण हा आक्षेप पदवीच्या आशयावर आहे, प्रवेशावर नाही. उथळपणा टाळायचा तर एक मुख्य विषय खोलवर शिकवावा आणि बाकीचे विषय एखाद्या खऱ्या प्रश्नाभोवती आणावेत. कुणाला आत घ्यायचे नाही हे ठरवून खोली वाढत नाही.

शेवटी उरतो तो अधिकारभेदाचा सर्वात सहृदय युक्तिवाद: ज्याला झेपणार नाही त्याला न घेणे हीच दया, नाहीतर तो नापास होऊन खचेल आणि दोन वर्षे हकनाक वाया जातील. शेतमजुराच्या घरात दोन वर्षे म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. म्हणूनच पहिल्या वर्षानंतरच्या प्रमाणपत्राला आणि साठवलेल्या श्रेयांकांना अर्थ आहे: थांबणाऱ्याच्या हाती काहीतरी राहते. मात्र दयेच्या नावाने केलेल्या नकाराला एक अट हवी. शिकणाऱ्याला काय कमी आहे हे नेमके सांगता आले पाहिजे, आणि ते कुठे, किती दिवसांत मिळेल हेही. एवढे सांगता येत नसेल, तर ती दया नसून सवय आहे. शंकराचार्यांनी पूर्वअटीवर पुराव्याचा भार टाकला होता. ज्ञानेश्वरांनी कृपणतेचा दोष ज्ञान राखणाऱ्यावर टाकला. दोन्ही एकत्र घेतले तर माहितीपत्रकातल्या प्रत्येक पात्रतेपुढे कारण छापणे हे विद्यापीठाचे कर्तव्य ठरते. लॉगरिदमची अट त्या परीक्षेत टिकेल, प्रयोगशाळेतल्या शिस्तीची टिकेल. अकरावीच्या अर्जातल्या रकान्यापुढे मात्र लिहायला कारण सापडणार नाही, आणि ज्या अटीला कारण नाही ती अट विद्येच्या नावाने चालवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.